मुका माज

नांदुरा हे गाव बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक म्हणजे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे स्टेशन आणि दुसरी, महामार्गालगत उभी असलेली १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती. माझ्यासारख्या, इथे नोकरीची काही वर्षे काढलेल्या माणसाला मात्र नांदुरा म्हटले की गावाच्या उत्तरेला पूर्णा नदीकडे उतरत जाणारा काळ्या मातीचा सपाट मुलूख आठवतो. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारा आणि पावसाळ्यात मोटारसायकलचे चाक धरून ठेवणारा. विहिरीचे पाणी खारे, म्हणून या पट्ट्याला नावच पडले खारपाणपट्टा.

गेल्या हिवाळ्यात त्या भागातल्या एका गावी लग्नाला जाण्याचा योग आला. पंगती उठल्यावर यजमानांनी मोठ्या कौतुकाने गोठा दाखवायला नेले. दावणीला चार म्हशी. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडे. यजमानांच्या धाकट्या सुनेने मोबाइल काढला, एका म्हशीचा आकडा त्यात घातला आणि म्हणाली, "काका, हे पाहा. हिचं रेतन कधी झालं, कोणत्या रेड्याचं, गाभण कधी ठरली, सगळं यात आहे."

मी त्या पिवळ्या बिल्ल्याकडे बघत राहिलो. मला माहीत असलेला बिल्ला वेगळा होता. तो धातूचा असे आणि तो विमा कंपनीचा असे. कर्जावर घेतलेली म्हैस मेली, की तो बिल्ला कानासकट कापून आणायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही. म्हणजे त्या बिल्ल्याला म्हशीबद्दल एकच गोष्ट कळत असे, ती मेली एवढीच. ती कधी व्याली, कधी माजावर आली, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्हा बँकवाल्यांनाही नव्हते.

दोन म्हशींची फाइल

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम हे नाव आजच्या पिढीला ठाऊक नसेल. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सगळ्या विकासगटांत लागू झाला आणि १ एप्रिल १९९९ रोजी त्याची जागा स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने घेतली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला उत्पन्नाचे साधन द्यायचे. थोडे सरकारी अनुदान, बाकी बँकेचे कर्ज. साधन म्हणजे शिलाई मशीन, पिठाची गिरणी, शेळ्या. पण सगळ्यांत जास्त म्हशी. कागदावर हिशेब मोठा देखणा होता. पहिली म्हैस आज द्यायची, दुसरी सहा महिन्यांनी. एक भाकड झाली तरी दुसरी दुधात असणार. घरात दूध अखंड, बँकेत हप्ता अखंड.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे म्हैस वेळेवर गाभण राहील.

१९८६ सालच्या कार्तिकात मी अशीच एक फाइल मंजूर केली. पूर्णाकाठच्या एका गावातली विधवा बाई, जमीन नाही, दोन लहान पोरे. घरची एक भुरकी म्हैस होती, ती नवऱ्याच्या आजारपणात विकली गेलेली. योजनेत 'सुधारित' जनावर द्यावे असा आग्रह असे. म्हणून लांबच्या बाजारातून मुऱ्हा रक्ताची, काळीभोर, वळलेल्या शिंगांची, नुकतीच व्यालेली म्हैस आणली. खरेदी समितीत मीही होतो. बाईने म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "सायेब, हे आपल्या उन्हाची नाई वाटत." आम्ही हसलो.

हिवाळाभर दूध चांगले निघाले, हप्तेही आले. चैत्र उजाडला आणि दूध आटू लागले. वैशाखात हप्ता चुकला, ज्येष्ठात चुकला. पहिल्या म्हशीचे हप्ते थकले म्हणून दुसऱ्या म्हशीचे कर्ज अडले. श्रावणात म्हैस पुरती भाकड झाली. मी वसुलीला गेलो आणि विचारले, "मावशी, म्हैस फळवली का नाही?" तेव्हा ती जे म्हणाली ते आजही माझ्या कानात आहे. "सायेब, म्हैस काय इंजन हाय का, चाबी मारली का चालू? तिले माज आला त पायजे ना जी. रातभर डोया लागू देत नाई मी, पण हे सांगतच नाई काई."

मला ते निमित्त वाटले. मी नोटिशीवर सही केली.

सांगून न येणारा पाहुणा

बाई जे म्हणाली, तो पशुवैद्यकातला एक मान्य प्रश्न आहे, हे मला पुष्कळ पुढे, पशुवैद्यकातल्या स्नेह्यांच्या सहवासात कळले. त्याला शास्त्रात आणि शेतकऱ्यांच्या बोलीतही एकच नाव आहे: मुका माज.

गाय आणि म्हैस, दोघींचेही चक्र साधारण एकवीस दिवसांचे. पण गाय माजावर आली की गोठा डोक्यावर घेते. हंबरते, दावे ओढते, दुसऱ्या गाईंवर उड्या घेते, शेजाऱ्यालाही कळते. म्हैस तसे काही करीत नाही. दुसऱ्या म्हशीवर उडी घेणे तिच्यात क्वचितच दिसते. थोडी अस्वस्थता, वारंवार लघवी, दुधात थोडी घट, आणि काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा स्राव, ज्याला बळस किंवा सोट म्हणतात. तोही बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हैस बसलेली असताना. सकाळी शेण काढताना तो पुसला गेला की खूण संपली. माज टिकतो दिवसभर किंवा त्याहूनही कमी. तेवढ्यात लक्ष गेले नाही, तर पुन्हा एकवीस दिवस थांबा. अशा तीन-चार पाळ्या चुकल्या की भाकड काळ दोन-तीन महिन्यांनी लांबतो आणि चारा मात्र रोजच्या रोज लागतो. म्हशीचे गाभणपण दहा महिने दहा दिवसांचे. त्यामुळे दोन वेतांमधले अंतर वर्ष-सव्वा वर्षाच्या आत ठेवायचे, तर व्याल्यावर चार-पाच महिन्यांतच ती फळली पाहिजे.

त्यात पुन्हा ऋतूचे दुखणे. म्हशीच्या शरीरात दिवसाच्या लांबीची नोंद होत असते. अंधार वाढला की मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे संप्रेरक अधिक काळ स्रवते आणि त्याच्या इशाऱ्यावर बीजांड तयार होण्याचे चक्र जोर धरते. म्हणून भाद्रपद-आश्विनापासून पौषापर्यंत म्हशी अधिक माजावर येतात आणि पुढच्या आषाढ ते कार्तिकात वितात. उन्हाळ्यात दिवस मोठा, वर काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी. डुंबायला पाणी मिळाले नाही तर शरीराचा ताप वाढतो आणि चक्र मंदावते. आले तरी ते मुके येते. पूर्णाकाठच्या वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, त्या उन्हात बाईची मुऱ्हा म्हैस गप्प राहिली, यात तिचा दोष नव्हता आणि बाईचाही नव्हता. दोष असलाच तर बाराही महिने सारखा हप्ता मागणाऱ्या आमच्या तक्त्याचा होता.

निसर्गाने सगळ्याच जनावरांना एक नियम लावलेला नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. आमच्या वऱ्हाडात मेंढ्या, गाई घेऊन फिरणारे कच्छ-काठेवाडकडचे पशुपालक येतात. त्यांच्या तांड्याबरोबर सामान वाहणारे उंट असतात. सांडणीचा प्रकार म्हशीच्या अगदी उलट. तिच्यात एकवीस दिवसांचे चक्र नाही. समागम झाल्याशिवाय तिचे बीजांड सुटतच नाही. हे कशामुळे घडते, याचा शोध बरीच वर्षे चालू होता. चिनी संशोधकांनी १९८५ साली दोन मदारींच्या उंटात दाखवून दिले, की कारण नराच्या वीर्यातल्या द्रवात आहे. २०१२ साली त्यातले नेमके प्रथिन सापडले. ते निघाले मज्जातंतूंच्या वाढीला मदत करणारे, इतर प्राण्यांतही आढळणारे प्रथिन. उंटाचे वीर्य इतके चिकट, की त्याच्या कृत्रिम रेतनाला गाई-म्हशींसारखे यश आजवर मिळालेले नाही. बिकानेरला १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उंट संशोधन केंद्रात या प्रश्नांवर काम होत आले आहे. एकाच देवाने, एकाच उन्हात राहणाऱ्या दोन जनावरांना दोन वेगळे पंचांग दिले. ते पंचांग आपण त्यांच्याकडून शिकायचे, आपले त्यांच्या गळ्यात बांधायचे नाही.

बाटलीवरचे चुकीचे लेबल

आज म्हशीला रेड्याकडे न्यावे लागत नाही. द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात, उणे १९६ अंश तापमानाला ठेवलेली वीर्याची बारीक कांडी घेऊन माणूसच दारी येतो. या सोयीमागची कथा गमतीची आहे. वीर्य गोठवले की त्यातले शुक्राणू मरत. इंग्लंडमधील मिल हिल येथे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याच्या वीर्यावर प्रयोग करीत होते. साखरेच्या द्रावणाने काही साधेना. एकदा मात्र शुक्राणू जिवंत राहिले. बाटली तपासली तेव्हा कळले की लेबलांचा घोटाळा झाला होता. आत साखर नव्हतीच, ग्लिसरिन होते. १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या गोठ्यांचे चित्र बदलले. आपल्याकडे त्याआधीच, १९४३ साली, अलाहाबादच्या कृषी संस्थेत कृत्रिम रेतनातून म्हशीचे पहिले रेडकू जन्मले होते, तेही ताज्या वीर्यावर.

महाराष्ट्रात हे तंत्र खेडूताच्या दारापर्यंत नेण्यात मणिभाई देसाईंचा वाटा फार मोठा. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई तिथे जन्मभर राहिले. १९६७ साली त्यांनी 'बायफ' ही संस्था उभारली. जनावर दवाखान्यात आणायचे नाही, सेवाच गोठ्यात न्यायची, हा त्यांचा मंत्र. शेतकऱ्याचा रोज बुडत नाही आणि माजाची वेळही टळत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा साधा नियम त्यामुळेच पाळता येऊ लागला.

पण माज दिसायला तर हवा! त्यावरही उपाय निघाला. १९९५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी गाईंसाठी संप्रेरकांच्या तीन इंजेक्शनांची पद्धत प्रसिद्ध केली. पहिल्या दिवशी एक, सात दिवसांनी दुसरे, आणखी दोन दिवसांनी तिसरे, आणि मग माज दिसो न दिसो, ठरल्या वेळी रेतन. म्हशींतही ती वापरली जाते. मात्र ऐन उन्हाळ्यात तिचे यश घटते. पोटात चारा नाही, अंगावर पाणी नाही, अशा म्हशीला केवळ सुईने वेळेवर आणता येत नाही.

सुधारणा कोणाची?

आता त्या भुरक्या म्हशीकडे वळू. पूर्णेच्या थडीवर पिढ्यान्पिढ्या एक म्हैस पाळली जाते. रंग काळा नव्हे, भुरकट पांढरा किंवा फिकट तपकिरी. बांधा मध्यम, दूध बेताचे पण दाट, लोण्याला भरपूर. खारपाणपट्ट्यातल्या उन्हात, कुटारावर आणि मूठभर सरकीच्या ढेपेवर निभावून नेणारी. आमच्या फाइलीत तिच्यासाठी एकच शब्द होता: 'गावठी'. ही गावठी पुसून मुऱ्हा आणायची, याला आम्ही सुधारणा म्हणत होतो. मुऱ्हा वाईट नाही. हरियाणातल्या हिरव्या चाऱ्यावर आणि कालव्याच्या पाण्यावर ती जगात नाव काढते. पण तिच्याबरोबर तो चारा आणि ते पाणी आम्ही आणले नव्हते.

त्या गावठी म्हशीला आता स्वतःचे नाव आहे. अकोला, बुलढाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या या म्हशीची देशी वाण म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत नोंद झाली आणि २०२३ साली जाहीर झालेल्या नव्या वाणांच्या यादीत तिचे नाव 'पूर्णाथडी' असे आले. आधी तिला नागपुरी म्हशीचाच एक प्रकार समजत. नोंद होणे म्हणजे नुसता मान नव्हे. वाण वेगळा मानला, की त्याचे निवडक रेडे राखता येतात, त्यांच्या रेतमात्रा करता येतात, आणि ज्याला हवी त्याला आपल्या उन्हाची म्हैस मागता येते. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ २००२ साली स्थापन झाले तेव्हा त्याचे मुख्यालय अकोल्यालाच ठेवले गेले, आणि अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाही आहे. म्हणजे ज्ञान काही दूर नाही.

ज्ञान तर आता कल्पनेपलीकडे गेले आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली परीक्षानळीतून म्हशीचे पिल्लू जन्मले, त्याचे नाव ठेवले 'प्रथम'. २००९ साली तिथेच 'गरिमा' नावाची क्लोन वगार झाली. मादीच जन्माला घालणारे शुक्राणू वेगळे काढता येतात, कारण त्यांत आनुवंशिक द्रव्य सुमारे चार टक्क्यांनी जास्त असते आणि यंत्र तो फरक ओळखते. अशा रेतमात्रेतून दहांत नऊ वेळा वगारच होते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी या तंत्राचे देशी, स्वस्त रूप जाहीर केले. गाई-म्हशींचे आनुवंशिक गुण लहानपणीच तपासणारी 'गौचिप' आणि 'महिषचिप'ही त्याच दिवशी आली. पूर्वी रेडा चांगला की नाही हे ठरवायला त्याच्या लेकी मोठ्या होऊन दूध देईपर्यंत वर्षे जात. कारण रेडा स्वतः दूध देत नाही! आता रक्ताच्या थेंबावरून अंदाज बांधता येतो.

हे सारे स्वागतार्ह आहे. पण कोणते गुण शोधायचे, ते चिप ठरवीत नाही, माणूस ठरवतो. नुसते लिटर मोजले तर पुन्हा लिटरच मिळतील. उन्हात टिकणे, खाऱ्या पाण्यावर जगणे, कमी खाऊन वेळेवर गाभण राहणे, हे गुण मोजायला सांगणारे माणूस त्या टेबलाभोवती असले पाहिजे. १९८६ साली खरेदी समितीच्या टेबलाभोवती ते माणूस होते. आम्ही त्याला हसलो होतो.

फाइलीचा शेवट

नोटीस गेल्यावर बाईने मार्गशीर्षात म्हैस विकली. भाकड म्हणून विकली, घेतली त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. आलेले सगळे पैसे बँकेत भरले, वर मजुरी करून उरलेले फेडले. आमच्या दप्तरी ते खाते 'पूर्ण वसूल' म्हणून बंद झाले. त्या वर्षी वसुलीबद्दल माझी पाठ थोपटली गेली.

पुढच्या वर्षी आषाढात मलकापूरच्या बाजूला दुसऱ्याच एका कर्जाच्या तपासणीला गेलो होतो. गवळ्याच्या गोठ्यात एक काळीभोर म्हैस उभी होती आणि तिला आठ-दहा दिवसांची वगार लुचत होती. म्हशीच्या कानात बिल्ला होता. सवयीने मी नंबर वाचला. तो नंबर मी स्वतः फाइलीवर लिहिलेला होता.

गवळी खुशीत होता. म्हणाला, "साहेब, भाकड म्हणून आणली, अन् निघाली गाभण!" मी मनात महिने मोजले. भाद्रपदात कधीतरी, गावच्या कळपात चरताना, कोणाला न कळता ती फळली होती. बाईने विकली तेव्हा तिसरा महिना सरत आला होता. तिसऱ्या महिन्याचे गाभणपण जाणत्या माणसाला हात घालून सहज कळते. त्यासाठी ना चिप लागते ना नळी. नांदुऱ्याहून पशुवैद्यकाला मोटारसायकलवर मागे बसवून नेले असते, तर पाच मिनिटांचे काम होते. माझ्या फाइलीत उत्पन्नाचा दाखला होता, जामीनदाराचा अंगठा होता, विम्याची पावती होती. म्हैस गाभण आहे का, हे विचारणारा रकाना नव्हता. मी तो प्रश्न विचारला होता, पण वसुलीसाठी. उत्तर ऐकण्यासाठी नव्हे.

ही गोष्ट मी बाईला कधी सांगितली नाही. तेवढे धैर्य झाले नाही. ती आता नाही.

त्या लग्नघरच्या गोठ्यात मी यजमानांच्या सुनेला विचारले, "तुझा हा मोबाइल म्हैस कधी माजावर येते ते सांगतो का ग?" ती हसली. "नाही काका. ते पहाटे चारला उठूनच पाहावं लागतं. सासूबाईंनी शिकवलं. मग मी यात टाकते." दावणीच्या टोकाला एक भुरकी म्हैस रवंथ करीत बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही पूर्णाथडी. हिला आपल्याच जातीच्या रेड्याची कांडी पाहिजे म्हणून डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. मिळाली तर बरं."

कर्ज देणाऱ्या कोणत्याही माणसाने आज पूर्णाकाठी म्हशीची फाइल केली, तर त्यात दोन रकाने जरूर वाढवावेत. एक, हप्ता म्हशीच्या वेताप्रमाणे, उन्हाळ्यात सूट देऊन. आणि दुसरा, जनावर भाकड ठरवून विकायला लावण्याआधी पशुवैद्यकाची गाभण तपासणी. दोन्हींना फारसा खर्च नाही. एका घराची म्हैस वाचते.